खाडीची सफाई आणि पुनरुज्जीवन : आधी काय, नंतर काय

नदीमुखाशी काम करणाऱ्या गटांचा कार्यक्रम बहुतेक एकाच साच्याचा असतो. रविवार ठरतो, माणसं जमतात, पोती भरली जातात, फोटो निघतात आणि जाता जाता चिखलात शंभरेक रोपं खोचली जातात. पंधरवड्यात कचरा पुन्हा तेवढाच दिसतो आणि वर्षभराने रोपांच्या जागी नुसत्या काठ्या उभ्या असतात. मेहनत कमी पडलेली नसते, क्रम उलटा लागलेला असतो.

आधी पाण्याच्या वेळा समजून घ्या. मग घाण कुठून येते ते शोधा आणि ती अडवा. त्यानंतर साचलेला कचरा उचला. भरतीचं पाणी जिथे तुंबलं आहे तिथे त्याची वाट मोकळी करा. झाडं सर्वांत शेवटी, आणि पुष्कळदा ती लावावी लागतच नाहीत. पहिल्या रोपापर्यंत पोचायला दोन वर्षं गेली तरी त्याला उशीर समजू नका.

## टप्पा १ : भरती-ओहोटीचं वेळापत्रक स्वतः बनवा

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून रोजची वेळ साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण सर्वांत मोठं असतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती येते, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. चूक होते ती पुढे. छापील वेळापत्रक बंदराचं असतं आणि तुमची जागा खाडीत काही किलोमीटर आत असते. आत भरती उशिरा पोचते, पाणी चढतं भराभर आणि उतरतं रेंगाळत. म्हणून कामाच्या जागी एक मोजकाठी पक्की रोवा, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि निदान पंधरा दिवस भरती व सुकतीच्या (ओहोटीचं पाणी सर्वांत खाली जातं त्या वेळेच्या) आसपास दर पाव तासाला पाणी किती आहे ते लिहा. त्या पंधरा दिवसांत एक उधाण आणि एक भांग यायलाच हवा. बंदराच्या वेळेत आणि तुमच्या वेळेत किती फरक आहे तो हाती आला की पुढचं सगळं नियोजन त्यावर चालतं.

कोणतं काम कधी करायचं तेही यावरूनच ठरतं. नाले आणि पाण्याखाली लपलेले पाइप शोधायचे तर उधाणाच्या दिवसांतली सुकती गाठा, कारण तेव्हाच तळ उघडा पडतो. वरच्या भरतीरेषेवरचा कचरा उचलायचा तर उधाण ओसरल्यावरचे दिवस धरा. उधाण आपल्याबरोबरचा कचरा सर्वांत वरच्या रेषेवर टाकून जातं आणि भांगाच्या दिवसांत पाणी तिथवर पोचत नाही. कचरा तिथेच पडून राहतो, थोडा वाळतो, हलका होतो. पुढचं उधाण तो उचलून पुन्हा खाडीत नेईल. म्हणजे तुमच्या हाती जेमतेम आठवडा असतो. सफाईची तारीख सुट्टी पाहून नव्हे, हे पाहून ठरवा.

> तपासा : ठरलेल्या तारखेला पाणी कधी वळणार हे गटातल्या प्रत्येक पथकप्रमुखाला न बघता सांगता येतं का?

## टप्पा २ : काठाने चालत पाहणी करा

नकाशा छापून घ्या आणि सुकतीच्या वेळी दोन्ही काठांनी चाला. होडी मिळाली तर उत्तमच, पण आधी चालणं. या गोष्टी टिपायच्या:

- खाडीत उतरणारा प्रत्येक नाला, पाइप आणि मोरी. पाण्याचा रंग, वास, अंदाजे प्रवाह
- काठावरचे कचऱ्याचे ढीग, विशेषतः पावसात वाहून जातील असे
- जुने-नवे बांध, उघाड्या (बांधातली पाणी सोडायची दारं), भराव, रस्त्याखालच्या मोऱ्या
- झाडं सुकलेले किंवा पाणी तुंबलेले पट्टे
- माणसांचा वापर : जाळी कुठे लागतात, शिंपले कुठे वेचले जातात, होड्या कुठे लागतात

शेवटची नोंद लोक हमखास विसरतात आणि पुढे भांडणं तिच्यावरूनच होतात. शिवाय खाडी कुठे भरून आली आणि कोणता ओहोळ कधी बंद झाला हे तिथल्या म्हाताऱ्या मच्छीमारांइतकं कुठल्याच नकाशाला माहीत नसतं. त्यांना सोबत घेऊन चाला, बोलू द्या, आणि ते सांगतील त्या जागा नकाशावर लावा.

एक सोपी कसोटी फार उपयोगी पडते. तीन दिवस पाऊस झालेला नाही आणि तरी पावसाळी गटार वाहतं आहे, तर त्यात सांडपाणी सोडलेलं असण्याची दाट शक्यता आहे. अशा जागेचा फोटो, तारीख, वेळ आणि ठिकाण नोंदवून ठेवा. टप्पा ४ मध्ये हाच पुरावा कामी येतो.

### पाण्याची मोजणी

क्षारता, विरघळलेला ऑक्सिजन, तापमान आणि गढूळपणा एवढं मोजलं तरी पुरे. गढूळपणासाठी २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी चकती दोरीने पाण्यात सोडतात आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहितात. महागडं काही लागत नाही. शिस्त मात्र लागते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे भरतीच्या वेळी नमुना घेणे. तेव्हा बाटलीत येतं ते बरंचसं समुद्राचं पाणी, आणि अहवाल म्हणतो की खाडी स्वच्छ. नदीकडून काय येतं ते पाहायचं असेल तर ओहोटीच्या अखेरीला नमुना घ्या आणि दरवेळी भरतीची तीच अवस्था धरा. दुसरी चूक फक्त वरवरचं पाणी घेण्याची. गोडं पाणी हलकं असल्याने वर तरंगतं आणि खारं पाणी खालून आत सरकतं, त्यामुळे वरचा ऑक्सिजन चांगला दिसत असताना तळाशी मासे गुदमरत असू शकतात. वरचा आणि तळाचा असे दोन्ही नमुने हवेत. ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो. दुपारी मोजलात तर आकडा फसवतो. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली तो गेला तर बहुतेक जलचरांना तिथे राहणं अशक्य होतं, ५ च्या खाली अनेक माशांना त्रास सुरू होतो.

चिखलाच्या वासाने मात्र बिचकू नका. सडक्या अंड्यासारखा वास आणि वरच्या थराखालचा काळा गाळ निरोगी खाडीतही असतो. हवा न पोचणाऱ्या गाळातल्या जिवाणूंचं ते काम आहे. या एकट्या खुणेवरून प्रदूषणाची तक्रार केलीत तर पुढची खरी तक्रारही कोणी मनावर घेणार नाही.

आणि जवळची एक निरोगी जागा आत्ताच निवडून ठेवा, त्याच खाडीतली, कमीत कमी बिघडलेली. पुढे पातळी, झाडांच्या जाती, चिखलातले जीव, सगळ्याची तुलना तिच्याशी करायची आहे.

> तपासा : ठरावीक जागांवरून, एकाच दिशेने, एकाच भरतीला काढलेले फोटो हाती आहेत का? नसतील तर काम सुरू करू नका. «आधी»चा फोटो नंतर काढता येत नाही.

## टप्पा ३ : परवानगी, ताबा आणि कचऱ्याचा मुक्काम

खाडीची जमीन दिसते एक आणि कागदावर असते चार जणांची. पाण्याचा पट्टा बंदर खात्याकडे, झाडं वनखात्याकडे, बांध पाटबंधाऱ्याकडे, काठ स्थानिक संस्थेकडे किंवा खाजगी मालकाकडे, असं बहुतेक देशांत आढळतं. भरतीचा पट्टा आणि कांदळवन (खारफुटीचं जंगल) अनेक ठिकाणी कायद्याने संरक्षित असतं, आणि तिथे चांगल्या हेतूने केलेली खोदाईही गुन्हा ठरू शकते. तेव्हा लेखी अर्ज करा. अर्जात जागेचा नकाशा, कामाच्या तारखा, माणसांची संख्या आणि वापरायची अवजारं लिहा. «सफाई» आणि «माती हलवणं» यांच्या परवानग्या वेगळ्या मागा. एका कागदात घातलंत तर दुसरीपायी पहिलीही अडकते.

उघड्या चिखलावर स्थलांतरित पाणपक्षी चरतात तो काळ आणि काठावर घरटी असतात तो काळ, हे दोन्ही कामाच्या वेळापत्रकातून वगळा.

आता कचऱ्याचा प्रश्न. गोळा केलेला कचरा कोण उचलणार, कोणत्या गाडीने, कधी आणि कुठे नेणार, हे लेखी ठरल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. काठावर रचून ठेवलेली पोती पुढच्या उधाणात फुटतात. मग एका जागी असलेला कचरा बारीक होऊन सगळ्या खाडीभर पसरतो, म्हणजे सफाई केलीच नसती तर बरं झालं असतं.

## टप्पा ४ : येणारी घाण अडवा

पाहणीत सापडलेल्या उगमांची यादी करा आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा : किती घाण येते, आणि ती थांबवणं आपल्या हातात आहे की दुसऱ्याच्या. काठावरचा उकिरडा हलवणं बहुधा स्थानिक संस्थेशी बोलून जमतं. नाल्यातला तरंगता कचरा अडवता येतो. सांडपाणी मात्र तुम्ही अडवू शकत नाही, त्यासाठी पुरावे गोळा करून पाठपुरावाच करावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचे फोटो येत नाहीत, आणि नेमकं म्हणूनच ते मागे पडतं.

ते किती महत्त्वाचं आहे ते अमेरिकेतल्या टॅम्पा उपसागरात दिसलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सागरी गवत २२ हजार एकरांच्या आत आलं होतं. सांडपाण्याची प्रक्रिया सुधारून आणि नायट्रोजनचा भार घटवून पाणी नितळ होत गेलं, उजेड तळापर्यंत पोचला, आणि २०१६ पर्यंत ते ४० हजार एकरांच्या वर गेलं. नंतरच्या वर्षांत त्यात पुन्हा मोठी घट झाली. पाण्यावरचं लक्ष कधीच काढता येत नाही, हेही त्याच उदाहरणातून घ्या.

### तरंगता अडसर लावताना

बाल्टिमोर बंदरात जोन्स फॉल्स नदीच्या मुखाशी २०१४ पासून पाणचक्कीसारखं एक यंत्र कचरा ओढून घेतं. प्रत्येकाला असं यंत्र परवडणार नाही, पण त्यामागची कल्पना साध्या तरंगत्या अडसरानेही साधते. कचरा खाडीत पसरण्याआधी नाल्याच्या तोंडाशी पकडायचा. लावताना मात्र चार गोष्टी सांभाळा.

1. अडसर प्रवाहाला काटकोनात नको, तिरपा हवा. काटकोनात लावला की मधोमध ताण येतो आणि कचरा खालून निसटतो. तिरपा असला की कचरा एका काठाशी सरकत जातो आणि तिथून उचलता येतो.
2. भरतीचं पाणी पोचतं त्याच्या वर लावा. खाली लावलात तर भरतीला प्रवाह उलटतो आणि अडवलेला कचरा मागे तरंगत सुटतो. ही चूक इतकी सर्रास होते की बंद पडलेला अडसर दिसला तर मी आधी हेच बघतो. वर जागाच नसेल तर दोन्ही बाजूंनी अडवणारी रचना लागेल, आणि ती जाणकाराकडूनच करून घ्या.
3. मोठ्या पुरात अडसर सुटून खाली मोरीत अडकता कामा नये. एक टोक ताण आल्यावर आपोआप सुटेल आणि दुसरं धरून राहील अशी बांधणी ठेवा.
4. रिकामा कोण करणार? भरलेला अडसर म्हणजे पुराला अडथळा. आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर तो रिकामा करायला नेमलेली माणसं नसतील तर लावूच नका.

## टप्पा ५ : साचलेला कचरा काढा

आता पोती. पंधरा-वीस माणसांचं एक पथक, त्याला एक प्रमुख, एक नोंद ठेवणारा आणि पाण्याकडे लक्ष ठेवणारा एक. हा तिसरा माणूस कचरा उचलत नाही. त्याच्याकडे शिट्टी आणि घड्याळ असतं, आणि त्याने शिट्टी वाजवली की चर्चा न करता सगळे वर येतात.

अंगावर काय असावं? तळ जाड असलेले, पायाला घट्ट बसणारे बूट, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. गुडघ्यापर्यंतचे सैल गमबूट खोल चिखलात रुततात आणि पाय बाहेर येतो तर बूट आतच राहतो, म्हणून ते फक्त घट्ट काठासाठी ठीक. प्रत्येक पथकाकडे लांब चिमटे, सुरी, दोर, प्लायवूडची एक फळी, पिण्याचं पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी हवी. धनुर्वाताची लस घेतलेली आहे ना, हे नावनोंदणीच्या वेळीच विचारा.

> सावधान : जोरदार पावसानंतर तीन दिवस पाण्यात उतरू नका. शहरातली सगळी घाण तेव्हाच खाली आलेली असते. कामानंतर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना खाडीच्या चिखलात काम केल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचं निदान या एका वाक्यावर अडलेलं असू शकतं.

> सावधान : चिखलात पाय रुतला तर ओढाताण केल्याने तो आणखी खोल जातो. मागे रेला, वजन पसरवा, फळीवर हात टेका आणि एकेक पाय हळूहळू हलवत सोडवा. आणि चढत्या पाण्यात अनोळखी चिखलावर पाऊल टाकूच नका.

काम वरून खाली करत जा. आधी भरतीरेषा, मग झाडांचा पट्टा, शेवटी उघडा चिखल, तोही पाणी उतरत असतानाच. झाडांमध्ये शिरताना जमिनीतून वर आलेल्या बोटांएवढ्या श्वसनमुळ्यांवर पाय पडू देऊ नका. तिवर हे कांदळवनातलं झाड त्यांतूनच श्वास घेतं. त्या तुडवल्या गेल्या किंवा प्लास्टिकखाली दडपल्या गेल्या तर झाड हळूहळू मरतं. एका वेळी तीन-चार जणांनीच आत जावं, एकाच वाटेने, आणि कचरा हातोहात बाहेर द्यावा. पन्नास जण आत घुसले तर प्लास्टिक निघेल पण झाडं जातील.

मुळांत गुरफटलेली जाळी ओढू नका, कापा. गाळात गेलेला भाग सुटत नसेल तर गाळाच्या पातळीशी कापून उरलेला तिथेच सोडा. जाळीत खेकडे-मासे जिवंत असतात, ते आधी सोडवा. आणि जाळं खरंच टाकून दिलेलं आहे याची खात्री तिथल्या मच्छीमारांकडून करून घ्या. कुणाचं लावलेलं जाळं कापलंत तर वर्षभराचा विश्वास एका सकाळी जातो.

सुया आणि काच चिमट्याने उचलून कडक डब्यात टाका, पोत्यात कधीही नाही. बंद पिंप, रसायनांचे डबे, मेलेली जनावरं यांना हात लावायचा नाही. जागा खुणेने दाखवा आणि संबंधित खात्याला कळवा.

काय उचलायचं नाही, हेही सांगून ठेवावं लागतं. वाहून आलेली पानं, फांद्या, ओंडके, शेवाळ, रिकामे शिंपले हे सगळं जागच्या जागी राहू द्या. त्यात खेकडे राहतात, बिया अडकतात, काठ धरून राहतो. बागेसारखा झाडून काढलेला काठ खाडीला नको असतो. त्याच कारणासाठी चिखलावर पोकलेन किंवा जेसीबी उतरवू नका. यंत्राच्या वजनाने गाळ दाबला जातो आणि त्यातले जीव गुदमरतात. तळातला जुना गाळ उपसणं तर स्वयंसेवकांचं काम नव्हेच. कारखान्यांच्या किंवा बंदराच्या शेजारी त्यात जड धातू बसलेले असू शकतात आणि ढवळल्यावर ते पुन्हा पाण्यात येतात.

नोंदीशिवाय सफाई अर्धीच. १९८६ मध्ये टेक्सासमध्ये आंतरराष्ट्रीय किनारा सफाई मोहीम सुरू झाली तेव्हापासून तिथे स्वयंसेवक प्रत्येक वस्तू तक्त्यावर नोंदवतात. वस्तूंची संख्या उगम सांगते : औषधांच्या पट्ट्या जास्त निघाल्या तर एक रस्ता, दुधाच्या पिशव्या जास्त निघाल्या तर दुसरा. वजनाचे आकडे मात्र जपून वापरा. ओल्या गाळाने भरलेली पोती तोलून «इतके टन कचरा» म्हणणारी बातमी खरं तर गाळाची असते. वजन करायचंच तर गाळ झटकून, पाणी निथळल्यावर करा.

## टप्पा ६ : पाण्याची ये-जा पूर्ववत करा

माझ्या मते संपूर्ण कामातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा टप्पा हाच. झाडं मेलेला पट्टा दिसला की लोक रोपं मागवतात. ती का मेली हे कोणी विचारत नाही. पुष्कळदा उत्तर दोन-तीनशे मीटरवर असतं : नव्या रस्त्याखाली घातलेली अरुंद मोरी, बंद पडलेली उघाडी, ओहोळाच्या तोंडावरचा भराव. पाणी आत येतं पण निघत नाही, किंवा येतच नाही. पहिल्यात मुळं बुडून मरतात, दुसऱ्यात मातीत मीठ साठून.

अमेरिकी तज्ज्ञ रॉय ‘रॉबिन’ लुईस यांनी फ्लोरिडातल्या वेस्ट लेक परिसरात जमिनीची पातळी मूळ उंचीला आणून भरतीचे ओहोळ मोकळे केले. तिथल्या तिन्ही जातींचं कांदळवन आपणहून उगवलं, ते लावावं लागलं नाही. बिया पाण्याबरोबर येत असतात. त्यांना फक्त योग्य उंचीची जमीन आणि येणारं-जाणारं पाणी हवं असतं.

### पातळी कशी मोजायची

कांदळवन साधारणपणे सरासरी समुद्रपातळीच्या वर आणि उधाणाच्या सर्वोच्च रेषेच्या खाली वाढतं. लुईस यांच्या मोजमापांत अशी जागा सुमारे ३० टक्के किंवा त्याहून कमीच वेळ पाण्याखाली असते. थंड प्रदेशात कांदळवनाऐवजी खारट दलदलीचं गवत असतं, पण उंचीचा नियम त्यालाही आहे. तुमच्या जागेची पातळी अशी काढा:

1. वारा पडलेला असताना, एकाच भरतीला, निरोगी जागेतल्या सर्वांत खालच्या झाडांशी तीन आणि आपल्या जागेवर तीन काठ्या रोवा.
2. काठ्यांना पाण्यात धुतला जाणारा रंग किंवा ओल्या खडूचा लेप द्या, खालपासून वरपर्यंत.
3. भरती ओसरल्यावर चिखलापासून धुतलेल्या रेषेपर्यंत उंची मोजा.
4. निरोगी जागी ४० सेंटिमीटर आणि तुमच्या जागी ९० आलं, तर तुमची जागा ५० सेंटिमीटर खाली आहे. तिथे रोप टिकणार नाही.

दोन्ही जागा जवळ असतील आणि दोन्हीकडे भरती मोकळेपणी पोचत असेल तरच हा हिशेब धरावा. मध्ये बांध किंवा मोरी असेल तर दोन्हीकडचं पाणी एका उंचीला येतच नाही. तेव्हा गवंड्यांची पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरा, किंवा सर्वेक्षकाला बोलवा. एकाच भरतीवर विसंबू नका. दोन-तीन वेळा मोजा.

छोटा ओहोळ हातांनी मोकळा करणं, मोरीत अडकलेला गाळ-कचरा काढणं हे परवानगी घेऊन गटाला जमतं. ओहोळ जुन्याच वाटेने खोदा, वळणांसकट. सरळ रेषेत खणलेला चर काठ कापत जातो. बांध फोडणं किंवा मोरी रुंद करणं हे मात्र अभियंत्याचं काम आहे.

> सावधान : बांधामागे शेती, घरं किंवा विहिरी असतील तर पाणी कुठपर्यंत जाईल हे उधाणाच्या पातळीवर तपासल्याशिवाय एक फावडंही घालू नका. खारं पाणी विहिरीत शिरलं की ते सहज परत जात नाही.

ओहोळ मोकळा केल्यावर थांबा. बिया पडण्याचा निदान एक पूर्ण हंगाम जाऊ द्या आणि काय उगवतं ते मोजा.

## टप्पा ७ : लागवड, खरोखर गरज असेल तरच

हंगाम गेला, पातळी बरोबर आहे, पाणी येतं-जातं, आणि तरी काही उगवलं नाही, तर बिया तिथवर पोचत नसाव्यात. तेव्हा लावा.

कुठे लावायचं नाही ते आधी. समोरचा मोकळा, सपाट, रोज दोनदा बुडणारा चिखल लावायला सोपा असतो आणि त्यावर कुणाची मालकी नसते, म्हणून सगळे तिथेच जातात. फिलिपीन्समध्ये याच कारणाने अनेक दशकांच्या लागवडीतली बहुतेक रोपं टिकली नाहीत. तगण्याचं प्रमाण १० ते २० टक्क्यांच्या घरात राहिलं. श्रीलंकेत त्सुनामीनंतर झालेल्या लागवडीपैकी २३ ठिकाणं संशोधकांनी तपासली, त्यांतल्या नऊ ठिकाणी एकही रोप शिल्लक नव्हतं. शिवाय तो चिखल रिकामा नसतोच. शिंपले, किडे, निवट्या आणि त्यांवर जगणारे पक्षी तिथे असतात. कांदळवन लावलं म्हणजे भलंच झालं असंही नाही. हवाईमध्ये १९०२ साली बाहेरून आणलेलं कांदळ आज अनेक ठिकाणी उपटून काढावं लागतं, आणि चीनने १९७९ मध्ये आणलेलं दलदलीचं गवत तिथल्या चिखलपट्ट्यांवर बेसुमार पसरलं. जात त्याच खाडीतली घ्या, बीही तिथलंच.

कांदळाची झाडावरच रुजणारी लांब रोपं हिरवी असताना तोडू नका. गळून पडलेली किंवा वरच्या टोकाशी पिवळसर कडं आलेली पक्व असतात. भोकं पडलेली, वाळलेली बाजूला काढा. सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि लवकर लावा. खालचा एक-तृतीयांश भाग चिखलात जाईल एवढंच खोचा, टोक उलटं होणार नाही याची काळजी घ्या. गर्दीच्या कार्यक्रमात उलटी लागलेली रोपं हमखास निघतात. सगळीकडे एकच जात, सरळ रांगांत, हे टाळा. निरोगी जागेत ज्या उंचीवर जी जात आहे ती तिथेच. गुरं चरत असतील तर गुराख्यांशी बोलणं कुंपणापेक्षा जास्त उपयोगी.

सागरी गवताबद्दल एवढंच : मोजणीची चकती तळापर्यंत दिसत नसेल तर तो विचार सोडा आणि टप्पा ४ कडे परत जा. कालवं धरावीत म्हणून रिकाम्या शिंपा टाकणार असाल तर त्या निदान सहा महिने उघड्यावर उन्हात वाळवा, नाहीतर दुसरीकडचे रोग खाडीत येतात. एक मोठं कालव दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं असं सांगतात. तो अनुकूल परिस्थितीतला कमाल आकडा आहे, त्यावर गणितं मांडू नका. आणि घाण पाण्यातली कालवं खाऊ नयेत असा फलक तिथे लावाच.

> तपासा : लागवडीच्या जागेची पातळी लिहिलेला कागद हाती नसेल तर रोपं मागवू नका.

## टप्पा ८ : पाच वर्षांच्या नोंदी

जी रक्कम आणि जे मनुष्यबळ सगळं पहिल्या दिवशी खर्च होतं, त्यातला मोठा वाटा इथे राखून ठेवा. ठरलेल्या जागांवरून दर तीन महिन्यांनी फोटो. लावलेल्या रोपांची मोजणी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. आपणहून उगवलेली रोपं वेगळी मोजा, कारण जागा खरोखर सावरते आहे की नाही हे त्यांच्यावरूनच कळतं. पाण्याची मोजणी आधीच्याच जागांवर, भरतीच्या आधीच्याच अवस्थेला. नोंदवही एका माणसाच्या फोनमध्ये नको. दोन प्रती, दोन ठिकाणी.

धीर किती लागतो याचा अंदाज व्हर्जिनियाच्या किनारी खाड्यांवरून येईल. तिथे सागरी गवत जवळजवळ संपलं होतं. १९९९ पासून दोन दशकांत संशोधक आणि स्वयंसेवकांनी ७ कोटींहून अधिक बिया सुमारे २१३ हेक्टरांवर पेरल्या. त्यांतून पसरत गवत ३,६०० हेक्टरांवर गेलं. पेरलेल्या क्षेत्राच्या कितीतरी पट वाढ गवताने स्वतः केली, कारण पाणी त्याला मानवणारं होतं.

रोपं मेली तर लगेच पुन्हा लावू नका. मेलेली रोपं उपटून पाहा. खोडावर शंखशिंपल्यांचा थर असेल तर जागा फार खाली आहे. मुळं काळी पडून कुजली असतील तर पाणी तुंबतं आहे. पानं करपून गळाली आणि जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा असेल तर भरती पोचत नाही. शेंडे खुडलेले असतील तर गुरं किंवा खेकडे. पहिल्या तिन्ही कारणांसाठी टप्पा ६ कडे परत जा आणि तो दुरुस्त होईपर्यंत लागवडीचे पैसे खर्च करू नका. निधी देणाऱ्यांना मृत रोपांचा आकडा जसाच्या तसा कळवा, कारणासकट. पुढच्या वर्षी ओहोळ मोकळा करायला पैसे मागताना तोच कागद पुढे करायचा आहे.